युरोपची सोनारकी, जपानचा काळा रंग

फोर्ड हॅलम यांचं काम पाहिलं नसेल, तर आवर्जून पाहा! दक्षिण आफ्रिकेत युरोपीय पद्धतीची सोनारकी शिकलेला हा कारागीर पुढे जपानला गेला आणि तिथल्या धातुकामात पुरता मुरला.

मला सगळ्यात जास्त भुरळ घालतो तो 'शाकुदो'. तांब्यात साधारण 4 टक्के सोनं मिसळायचं. घासून-पुसून ठेवलं तर दिसायला जवळपास तांबंच. मग वस्तू किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवायची आणि ताम्रक्षारांच्या 'रोकुशो' द्रावणात उकळायची. हळूहळू जांभळट झाक असलेला गर्द काळा रंग चढतो. हा रंग वरून फासलेला नसतो, धातूच्याच पृष्ठभागावर तयार होतो. त्या काळ्यावर जडवलेलं सोनं काय उठून दिसतं!

1876 मध्ये जपानात तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा तलवारींच्या सजावटीत वापरलं जाणारं हेच कसब दागिन्यांकडे आणि युरोपच्या बाजारपेठेकडे वळलं. हॅलम यांचा प्रवास नेमका उलट दिशेचा.

एकोणिसाव्या शतकातल्या हागिया कात्सुहिरा यांनी घडवलेल्या 'त्सुबां'च्या, म्हणजे तलवारीच्या मुठीपुढच्या चकत्यांच्या, जोडीतली एक हरवली होती. ती वाघाची चकती हॅलम यांनी नव्याने घडवली. 'उत्सुशी' हा माहितीपट त्याच कामावर आहे.