कर्कपेशींचा औषधरोध आणि अवरक्त किरण

कर्करोगावर औषधोपचार सुरू झाला की पुष्कळदा गाठ लहान होते व रुग्णाला उतार पडतो. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत पुढे तेच औषध निष्प्रभ ठरू लागते. कर्कपेशी औषधाला दाद देईनाशा होतात. यालाच औषधरोध म्हणतात. तो उशिरा लक्षात आला, तर औषधाचे दुष्परिणाम तेवढे रुग्णाच्या वाट्याला येतात आणि दुसरा उपचार सुरू करण्याचा मोलाचा काळ वाया जातो.

गाठीतील सर्व पेशी एकसारख्या नसतात. औषधाने बहुसंख्य पेशी मरतात. ज्या तगतात, त्यांचीच पुढे वाढ होते. १९७६ साली कॅनडातील टोरांटो येथे ज्युलियानो व लिंग या संशोधकांनी औषधरोधी पेशींच्या आवरणात एक विशिष्ट प्रथिन दाखवून दिले. ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हे त्याचे नाव. पेशीत शिरलेले औषध हे प्रथिन पंपाप्रमाणे बाहेर उपसून टाकते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. इतर काही पेशी औषधाने केलेली हानी भरून काढतात, तर काहींमध्ये औषधाचे लक्ष्य असलेल्या प्रथिनाची घडणच बदलते.

असे बदल ओळखण्यासाठी अवरक्त किरणांचा उपयोग करता येईल काय, याचा शोध प्रयोगशाळांतून घेतला जात आहे. डोळ्यांना न दिसणारे हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने शोधून काढले. प्रत्येक रेणूतील अणू सतत कंप पावत असतात व आपल्या कंपनाशी जुळणारे अवरक्त किरण शोषून घेतात. सुमारे ६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण प्रथिने शोषतात, सुमारे ३.४ मायक्रोमीटरचे मेदद्रव्ये, तर ८ व ९ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण न्यूक्लिइक आम्लांतील फॉस्फेट शोषते. या शोषणाचा आलेख म्हणजे वर्णपट. पेशींना कोणताही रंग न देता त्यांच्या एकूण रासायनिक घडणीचे चित्र त्यातून मिळते.

ब्रुसेल्स येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली रक्ताच्या कर्करोगाच्या ‘के-५६२’ पेशींचा या पद्धतीने अभ्यास केला. औषधाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या पेशी वर्णपटावरून वेगळ्या ओळखता येतात, असे त्यांना आढळले.

तथापि, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी आणि रुग्णाच्या शरीरातील गाठ यांत मोठे अंतर आहे. गाठीत निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात. शिवाय पाणी हे किरण मोठ्या प्रमाणावर शोषते आणि प्रथिनांची खूण झाकून टाकते; म्हणून नमुना बहुधा वाळवावा लागतो. त्यामुळे ही पद्धत औषधरोधाच्या निदानाची नित्याची चाचणी झालेली नाही. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत तोंडाच्या कर्करोगासंबंधी रामन वर्णपटाचा अभ्यास झाला आहे. ही पद्धतही रेणूंच्या कंपनांवरच आधारलेली असून पाण्याचा अडथळा तिला फारसा जाणवत नाही.

अशी चाचणी हाती येईपर्यंत औषध लागू पडते की नाही, हे डॉक्टरांनी वेळोवेळी केलेल्या तपासणीतूनच कळते. बरे वाटू लागले म्हणून फेरतपासणी टाळणारा रुग्ण ही संधीच गमावतो. रुग्णाला ठरलेल्या तारखेस रुग्णालयात पाठविणे, हे काम गावातील शिक्षक व पंचायत सदस्य निश्चितच करू शकतात.