झंस्कार : डोंगर चिरत जाणारी नदी

लडाखमधली झंस्कार नदी पदुमजवळ दोन प्रवाहांच्या संगमातून आकाराला येते. स्तोद ही पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून उतरते, तर त्सारप आग्नेयेकडून अरुंद घळींमधून येते. पदुमचं खोरं ऐसपैस आहे. पण पुढे नदी झंस्कार पर्वतरांग आडवी कापत खोल दरीत शिरते आणि निम्मूला सिंधूला मिळते. उन्हाळ्यात बर्फ वितळलं, की इथे झंस्कारचंच पाणी सिंधूपेक्षा जास्त असतं!

हिवाळ्यात दरीतला प्रवाह गोठतो. बर्फाची ही ‘चादर’च पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लोकांची वाट होती. पण ही नदी कधी संकटही आणते. डिसेंबर २०१४मध्ये दरड कोसळून त्सारपच्या खोऱ्यात नदी अडली. मे २०१५मध्ये तो बांध फुटला आणि पुराने पूल वाहून नेले.