कमानीच्या पोटातले लोखंड

दगडाला दाबलेले सोसते, ताणलेले सोसत नाही. मेढ्याकडून साताऱ्याला येताना दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याच्या महादरवाजाची कमान याच जोरावर उभी आहे: वरचे सगळे वजन दाबाच्या रूपाने दोन्ही बाजूंना उतरते आणि सांध्यांतला चुना बारीकसारीक हालचाल पचवतो. अशा बांधकामाच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरल्या की आतली ओल दगडातूनच वाट काढते आणि क्षार त्याचे पापुद्रे सोडवतात. म्हणून ‘जुन्या दगडाला चुनाच’ हा नियम योग्यच आहे. पण वास्तू जुनी आहे एवढ्यावरच तो लावणे चूक, आणि याचा उत्तम दाखला म्हणजे गेटवे ऑफ इंडिया.

ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज 1911 च्या डिसेंबरात मुंबईत उतरला तेव्हा त्याला दिसला तो पुठ्ठ्याचा नमुना. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची खरी कमान 4 डिसेंबर 1924 रोजी खुली झाली. स्वागत आधी, कमान मागून! सुमारे 26 मीटर उंचीची ही वास्तू आज राज्य संरक्षित स्मारक आहे. डोळ्यांना दिसतो तो पिवळसर बेसॉल्ट, पण बांधकामात सळईचे काँक्रीटही आहे. ताज्या काँक्रीटचा अल्कधर्म सळईवर संरक्षक थर धरून ठेवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू हा अल्कधर्म कमी करतो, समुद्री वाऱ्यातले क्लोराइड तो थर फोडते. मग गंज चढतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणजे ज्या ताणापासून महादरवाजाचा दगड दूर ठेवलेला असतो, तोच ताण इथे आतून तयार होऊ शकतो.

‘शंभर वर्षे उभी आहे ना?’ असे कोणी म्हणेल. 2023 मध्ये संसदेत दिलेल्या एका पाहणीच्या माहितीनुसार एकूण वास्तू सुस्थितीत होती, हे खरेच. पण त्याच पाहणीत दर्शनी भागावर भेगा, काही ठिकाणी उगवलेली झाडे आणि घुमटावरच्या जलरोधक थराचे व काँक्रीटचे नुकसानही आढळले होते. शिवाय गंजाची भेग बाहेर दिसते ती आत बराच गंज धरल्यावर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुळातच सिमेंट आहे, तर सिमेंटनेच बुजवा. पण खारावलेल्या काँक्रीटवर नुसता लेप दिला तर क्षार आतच कोंडतात आणि सळई गंजतच राहते. तिथे खराब भाग काढून, सळई साफ करूनच नवे काँक्रीट भरावे लागते. दर्शनी दगडाच्या दर्जांना मात्र मऊ, श्वास घेणारे मिश्रणच हवे. एकाच कमानीला दोन उपचार. कुठे कोणता, हे ठरवण्याची पहिली चाचणी अगदी साधी आहे. हातोडी हलकेच ठोकायची: घट्ट बसलेला दगड टणटणतो, मागून सुटलेला बद्द वाजतो.