कोयत्याच्या हंगामातलं बोर्डिंग

पहाटे पाच. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजवायचं काम दर आठवड्याला एका खोलीकडे. नोव्हेंबर लागला की नगरकडे चांगला गारठा पडतो (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण एसटीत तिकीट सगळे अजून ‘नगर’चंच मागतात) आणि पोरं गोधडी सोडत नाहीत. मी खोल्याखोल्यांतून फिरतो. आवाज चढवायचा नाही, फक्त गोधडी ओढायची. रात्री कोण रडला हे उशीवरून कळत नाही, पण सकाळी कोण सगळ्यात उशिरा उठतो त्यावरून बरंचसं कळतं. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोरगं इथं राहतं. पहिले पंधरा दिवस वाईट.

साडेपाच. चुलीवरच्या बंबाचं पाणी लहानांना, थंड पाणी मोठ्यांना. हा नियम माझ्या लहानपणी याच आवारात होता आणि तो मला तेव्हाही पटला नव्हता.

सहा. प्रार्थना. ज्याला यायचं त्यानं यावं; बाकीच्यांनी अंगण झाडावं किंवा पुस्तक घेऊन बसावं. निम्म्याहून जास्त पोरं ख्रिस्ती नाहीत. गावात कुणाकुणाला वाटतं की इथं भाकरीच्या बदल्यात देव बदलतात. अधूनमधून कोणी तरी चौकशीला येतं. मी रजिस्टर दाखवतो, स्वयंपाकघर दाखवतो, चहा पाजतो. राग येत नाही असं नाही. पण संशय घेणाऱ्यालाही इथल्याच पोरांची काळजी असेल, असं धरून चालायचं ठरवलंय.

अशा वेळी मला नारायण वामन टिळकांचं नगरमधलं घर आठवतं. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, स्वतःचं स्वतः ठरवून त्या वाटेनं आल्या. त्या घरात लोकांची पोरं कायमची असायची. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक ठोमरे नावाचा पोरगेला कवी भेटला आणि पुढे तोही नगरला टिळकांकडे येऊन राहिला. ‘श्रावणमासी’ लिहिणारे बालकवी ते हेच. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्या घरातली त्यांची जागाही त्यामुळे कमी झाली नाही. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्याबद्दल पोटच्या पोरासारखं लिहिलंय. आमच्या पोरांना बालकवी पुस्तकातनं माहीत असतात. ते नगरला राहत होते म्हटल्यावर एकानं विचारलं, “कोणत्या बोर्डिंगला, सर?”

आज वाचायला हबक्कूकचा तिसरा अध्याय काढला होता. जुन्या करारातलं तीनच अध्यायांचं छोटं पुस्तक. झाडाला फळ नाही, शेत पिकलं नाही, गोठा रिकामा झाला, तरी हा संदेष्टा देवाच्या ठायी आनंद मानतो. पाथर्डी, आष्टी, शिरूर कासारकडच्या पोरांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मी हा भाग मुद्दाम नोव्हेंबरात घेतो. वाचून झाल्यावर सहावीतल्या एकानं हात वर केला.

“सर, त्यानं उचल घेतली होती का?”

उचल म्हणजे मुकादमानं हंगामाआधी दिलेली रक्कम. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्याचं सहा महिन्यांचं अंग उचलीपोटी आधीच गहाण पडलेलं असतं. मी म्हणालो, तसं काही लिहिलेलं नाही. मागून आवाज आला, “मग त्याला सोपं होतं.”

कोणी हसलं नाही. या अध्यायावर मी बरीच प्रवचनं ऐकलीत, एकदोन स्वतःही दिलीत. या प्रश्नाच्या जवळपासही कोणी गेलं नव्हतं. पाऊस न पडणं वेगळं आणि वहीत दुसऱ्याच्या अक्षरात आपल्या नावावर आकडा असणं वेगळं. मी प्रार्थना आवरती घेतली. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

सात ते नऊ. अभ्यास, मग नाश्ता. आज कालच्या भाकरीचा कुटका, लसूण घालून. पोरांना पोह्यांपेक्षा हा जास्त आवडतो आणि हिशेबालाही तो बरा पडतो.

सव्वादहा. सगळे गावच्या हायस्कूलला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. आवार एकदम मोठं वाटायला लागतं.

अकरा. ऑफिस. लोकांना वाटतं, मिशन म्हणजे परदेशी पैसा. एक काळ तसा होता. अमेरिकन मराठी मिशननं नगरला 1831 मध्ये काम सुरू केलं आणि शाळा, बोर्डिंगं, दवाखाने बाहेरच्या देणगीवर उभे राहिले. त्या पैशाबरोबर येणारा मिंधेपणा टिळकांना डाचत होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली. आज परदेशी देणगी घ्यायची तर 2020 च्या दुरुस्तीनुसार खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत लागतं, वर वेगळी नोंदणी आणि वेगळा हिशेब. आम्ही त्या भानगडीत नाही. पालकांची थोडी फी, जुन्या विद्यार्थ्यांचे पैसे आणि सुगीच्या उपासनेला मंडळीनं आणलेलं धान्य. बाजरी आली की छाती भरून येते. फेब्रुवारीत कोठीचा तळ दिसायला लागतो आणि मग मला विश्वासाच्या गोष्टी सांगणारी माणसं नकोशी होतात.

सरकारनं 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना आणली. माझं मत विचाराल तर ती पन्नास वर्षं उशिरा आली, पण आली हे चांगलं झालं. उद्या प्रत्येक तालुक्यात ती नीट चालली आणि आमच्या खोल्या रिकाम्या पडल्या, तर मी कुलूप लावून आनंदानं घरी जाईन.

तीन. फाटकात मोटारसायकल. आठवीतल्या एका पोराचे वडील, शिरोळकडच्या फडावरून आलेले. आधी एसटीनं, मग कुणाची तरी गाडी मागून. बसायला सांगितलं तरी उभेच. पोराच्या आईची कंबर गेली होती; मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला. आता कोयता अर्धा झाला, आणि उचल तर जोडीची.

“आठ-पंधरा दिवस न्यावं म्हणतो, सर. मोळ्या बांधील, वाढे गोळा करील.”

मी म्हणालो, “दादा, तेरा वर्षांचं लेकरू आहे. कायद्यानं त्याला कामाला लावता येत नाही.”

“मुकादमाला सांगा कायदा.”

मी खरंच मुकादमाला फोन लावला. माणूस उद्धट नव्हता. कारखान्याकडून मी घेतलेत, मलाही फेडायचेत, म्हणाला. साखळीतल्या प्रत्येकाच्या वर कोणी तरी आहे आणि सगळ्यात खाली हे पोरगं. आमच्या सौ.नी चहा आणला, चहाबरोबर भाकरी-भाजीचं ताटही. माणूस सकाळपासून उपाशी होता हे तिला कळलं, मला नाही.

दोन तास बोललो. शेवटी एवढं ठरलं, की पोरगा आईजवळ राहील, तिचं दुखणं बघेल आणि तिथल्या शाळेत जाईल. फडात उतरणार नाही. हे सगळं पाळलं जाईल यावर माझा पूर्ण विश्वास नाही. अर्धा कोयता फार दिवस अर्धा राहू देत नाहीत. पण बाप पोराचा आहे आणि आई तिकडे आडवी पडलीय. मी फाटक धरून उभं राहणं हे काही ख्रिस्ताचं काम नव्हे.

पाच. पोरगा शाळेतनं आला, बापाला बघून आधी खूश झाला आणि मग कारण कळल्यावर गप्प. मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड करून आणलं. स्थलांतर करणारं मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता यावं म्हणून हे कार्ड असतं. गणिताचं पुस्तक त्यानं स्वतःहून पिशवीत घातलं, इतिहासाचं ठेवून गेला. मैदानावर कबड्डी चालू होती. कोणी थांबलं नाही, आणि ते बरंच झालं.

सात. संध्याकाळची प्रार्थना. सकाळचा प्रश्न राहिला होता. मी हबक्कूकचा पहिला अध्याय काढला. आनंद तिसऱ्या अध्यायात आहे. पहिल्यात तो देवाशी भांडतो. हाक मारून घसा सुकला, तू ऐकतोस कुठे, जुलूम दिसत असून गप्प कसा बसतोस, अशा अर्थाचं भांडण. चर्चमध्ये हा भाग क्वचितच वाचतात, कारण भांडणारा भक्त मंडळीला अवघड जातो. पोरांना सांगितलं, आधी हे आहे, मग ते. मधला दुसरा अध्याय वाट बघण्याचा. आणि त्यात परक्याच्या मालावर आणि तारणावर गबर होणाऱ्याला चांगलंच सुनावलंय. सहावीतला तो नीट ऐकत होता. त्याचं समाधान झालं का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

प्रार्थना मला आज मोठ्यानं करवली नाही. दहावीतल्या एकानं केली. तो हिंदू आहे. त्यानं गेलेल्या पोराचं नाव घेतलं, त्याच्या आईच्या कंबरेसाठी मागितलं आणि लगेच म्हणाला, “आमेन, चला जेवायला.”

साडेआठ ते दहा. जेवण, अभ्यास, दिवे बंद. रजिस्टरमध्ये गेलेल्या पोराच्या नावापुढे ‘गेला’ लिहीत नाही, ‘रजा’ लिहितो. ताट मांडणाऱ्यालाही तेवढंच सांगून ठेवलंय. शिरोळकडच्या ओळखीच्या पाळकसाहेबांना फोन करून टोळीचा ठिकाणा दिला. रविवारी उपासना झाली की कोप्यांकडे, म्हणजे टोळीच्या झोपड्यांकडे, जाऊन येतो म्हणाले.

ऊसपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर एकदा कोप्यांपर्यंत जा. सहा ते चौदा वयाचं मूल दिवसा तिथं दिसलं, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगा. कार्ड असो वा नसो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला त्याला दाखल करून घ्यावंच लागतं.