यकृतांतील कृमि व त्यांच्या नव्या वाटा

पाणथळ कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या पावसाळा सरल्यावर रोडावतात, जबड्याखालीं सूज येते व पुष्कळ दगावतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. यकृत चिरून पाहिल्यास त्यांत लांबट पानासारखे चपटे कृमि सांपडतात. ते तेथवर कसे पोंचतात, याचा उलगडा १८८२-८३ च्या सुमारास जर्मनींत लॉयकार्ट व इंग्लंडांत टॉमस यांनीं स्वतंत्रपणें केला. शेणालेंड्यांवाटे पडलेलें अंडें पाण्यांत फुटतें. त्यांतील जंतु पाण्यांतील गोगलगाईच्या अंगांत शिरतो. तेथें एकाचे शेंकडों होऊन बाहेर पडतात व गवताच्या काडीवर कवच करून बसतात.

हा आडमार्ग जंतूनें योजला असें नव्हे. पुष्कळ प्राणिशास्त्रज्ञांच्या मतें यांचे पूर्वज केवळ गोगलगाईंवरच जगत. मोठ्या प्राण्यांनीं गिळल्यावर जे थोडे पोटांत तगले, त्यांस जागा व अन्न विपुल मिळून अंडींही अधिक झालीं, आणि त्यांचीच संतति वाढली. आपण बियाण्याकरितां कणसें निवडतों; येथें निवडणारा कोणी नसतो, एवढाच भेद.

याच वर्गांतील भाल्याच्या पात्यासारख्या एका लहान कृमीनें तर पाण्याची गरजच टाकली. त्याची हकीकत १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत क्रल व मेप्स यांनीं उजेडांत आणली. कोरड्या रानांतील गोगलगाय त्याचीं अंडीं खाते व पुढें जंतु चिकट गोळ्यांतून बाहेर टाकते. ते गोळे मुंग्या खातात. बहुतेक जंतु मुंगीच्या पोटांत राहतात, पण एखादा तिच्या डोक्यांतील मज्जाकेंद्रांत शिरतो. मग गारवा पडतांच ती मुंगी वारुळांत न जातां गवताच्या शेंड्यास चावून लटकते व ऊन तापल्यावर सुटते. मध्यंतरीं मेंढीनें तो शेंडा खाल्ला कीं पोटांतील जंतूंचें काम झालें. डोक्यांत शिरलेला मात्र मेंढींत वाढत नाहीं. भावंडांकरितां तो फुकट जातो!

औषधांच्या बाबतींतही हीच निवड चालते. ट्रायक्लाबेंडाझोलास न जुमानणारे यकृतकृमि १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांत नोंदले गेले. म्हणून एकच औषध, तेंही अपुऱ्या मात्रेनें, वारंवार पाजणें घातक होय; पशुवैद्याकडून शेण तपासून मगच औषध द्यावें. खाचरांतील ओल्या भाताच्या ताटांचा पाण्यांत बुडालेला बुडखा जनावरांपुढें टाकूं नये, पेंढा कडक उन्हांत वाळवावा, आणि तळ्याकांठच्या चिखलांत गुरें चरूं न देतां पाणी हौदांत पाजावें.