आधी शिस्त, मग जॅकेट

पॅरिस ऑलिम्पिकमधले ते तुर्की काका आठवतायत? साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा, एक हात खिशात आणि दुसऱ्या हातात पिस्तूल. युसुफ डिकेच, वय 51. मिक्स्ड टीममध्ये सिल्व्हर घेऊन गेले आणि त्या आठवड्यात प्रत्येकाच्या ग्रुपवर त्यांचं एक तरी मीम आलंच. सगळ्यांचा सूर एकच होता : बाकीचे एवढे गिअर लावून येतात आणि काका घरातून दूध आणायला निघाल्यासारखे आले!

मीम भारी होतं, पण अर्धवट होतं. मुळात पिस्तूलवाल्यांना जॅकेट नसतंच. एका हाताने नेम धरायचा, मनगटाला कसलाही आधार चालत नाही. मोकळा हात लोंबकळला की खांदा हलतो, म्हणून तो खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवायचा. हे बहुतेक सगळेच करतात. काकांच्या कानात छोटे इअरप्लगही होते, ते कॅमेऱ्यात नीट दिसले नाहीत एवढंच. आणि हा माणूस तुर्कस्तानच्या जाँदार्म म्हणजे निमलष्करी दलात नोकरी केलेला, कित्येक वर्षं पिस्तूल हाताळलेला. हेच काका टी-शर्टवर रायफल घेऊन उभे राहिले असते तर? फायनल सोडा, पात्रता फेरीतच अवघड झालं असतं.

कारण 10 मीटर एअर रायफलचा हिशेबच वेगळा आहे. टार्गेटवरचा ‘दहा’ म्हणजे अर्धा मिलिमीटरचा ठिपका. वहीत पेनाने दिलेला पूर्णविराम याच्याहून मोठा असतो. हातात साडेपाच किलोपर्यंतची रायफल, 75 मिनिटं, 60 शॉट्स, तेही उभ्याने. छातीत ठोका पडला तरी नळी हलते. म्हणून ते कॅनव्हास आणि चामड्याचं जाडजूड जॅकेट, तशीच पँट आणि सपाट तळव्याचे बूट. हे सगळं घालून चालणारा नेमबाज पेंग्विनसारखा दिसतो. पण रेषेवर उभा राहिला, कंबर पुढे काढली, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवला, की रायफलचा भार स्नायूंवरून हाडांवर जातो. मग जॅकेट पाठीला सावरून धरतं. तेही किती सावरायचं याला नियम आहे. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको, ताठपणाही यंत्रावर मोजतात. मॅच संपल्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते, तिथे नापास झालात तर स्कोअर गेला.

एवढं करून जॅकेट फक्त शरीर धरतं. ट्रिगर दाबायचा क्षण ते सांगत नाही.

माझी बंदुकीशी पहिली ओळख एनसीसीच्या कॅम्पमध्ये झाली. .22 ची जुनी रायफल, मातीत अंथरलेली सतरंजी, पालथं पडायचं आणि पाच राउंड. उस्ताद ओरडले, ‘‘शिस्त ले!’’ मी गप्प सरळ पडून राहिलो. मला वाटलं, कोणीतरी हसलं म्हणून ओरडतायत. नंतर कळलं, फौजेच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. तीन गोष्टी ते पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचे : पकड, शिस्त, ट्रिगर. आणि स्कोअर विचारायचेच नाहीत. ते बघायचे ग्रुपिंग, म्हणजे पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते. मध्यापासून लांब असल्या तरी चालतील, पण एकत्र हव्यात. साइट दोन क्लिक फिरवून दुरुस्त करता येते, विखुरलेला माणूस नाही. (माझ्या पाचातल्या दोन बाजूच्या कॅडेटच्या टार्गेटवर सापडल्या. तो अजून आभार मानतो.)

हीच एनसीसी मुंबईच्या कीर्ती कॉलेजात अंजली वेदपाठक नावाच्या मुलीने घेतली होती. पुढे अंजली भागवत म्हणून ती 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये पोचली आणि 2002 मध्ये जगात नंबर वन झाली. त्यामुळे कॉलेजच्या फायरिंगला ‘टाइमपास’ म्हणण्याआधी थोडं थांबा.

आता सैनिकाकडे बघू. त्याचं गिअर बरोबर उलट्या कामाचं असतं. नेमबाजाचं किट त्याला स्थिर उभं ठेवतं, तर तैनात जवानाला बुलेटप्रूफ जॅकेट, हेल्मेट, मॅगझिनचे पाउच, पाणी हे सगळं अंगावर घेऊन धावायचं, चढायचं, लोळायचं असतं. त्याला टी-शर्टवर सराव करून उपयोग नाही. जाड जॅकेटवर रायफलचा दस्ता खांद्यात बसतच नाही, हेल्मेट साइटच्या आड येतं, हे पहिल्यांदा रेंजवरच कळलेलं बरं. म्हणून धावून दम लागलेला असताना फायर, खंदकातून फायर, रात्रीचा फायर. रायफल आपल्या डोळ्याला जुळवून घेणं, म्हणजे झिरोइंग, हा तर त्याचा पहिला धडा. खेळाडूच्या चुकीचा एक गुण जातो. सैनिकाची चूक कुठे जाते हे वेगळं सांगायला नको.

तरी दोन्हींचा पाया एकच आहे. मध्य प्रदेशातल्या महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तिथे घडलेल्या विजय कुमारने 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सिल्व्हर आणलं. त्या प्रकारात पाच टार्गेट्सवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. याच प्रकारातला हंगेरीचा सैनिक कारोली ताकाच याची गोष्ट तर सिनेमात दाखवली तर कोणी विश्वास ठेवणार नाही. 1938 मध्ये सरावात हातबॉम्ब फुटून उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. गडी डाव्या हाताने शिकला आणि 1948 व 1952, दोन्ही ऑलिम्पिकला सोनं घेऊन गेला. इथे कुठलं गिअर कामाला आलं?

अर्थात गिअर बिनकामाचं असं म्हणायचं नाही. मनू भाकरला विचारा. टोकियोत ऐन मॅचमध्ये पिस्तुलाचा लिव्हर तुटला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि फायनल दोन गुणांनी हुकली. तीच मनू पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली.

आणि पैशाचं काय? इथे गंमत संपते. मॅचसाठीची परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या पुढेच जाते. किट वेगळं, छरे वेगळे. 50 मीटरची .22 रायफल म्हणजे शस्त्रपरवाना आला, आणि प्रत्येक गोळी पैसे घेऊनच बाहेर पडते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेच्या गोळ्यांसाठी शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं. क्रीडा प्रबोधिनीत त्याचा पाया झाला, मग मध्य रेल्वेत नोकरी लागली, आणि त्या पगारातून स्वतःची रायफल आली. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही पोझिशन मिळून 451.4 गुण आणि ब्राँझ. खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, 72 वर्षांनी. आपण बातमीत पदक वाचतो. त्या घरात आधी हप्ते वाचले गेले होते.

म्हणून कोणी ‘‘शूटिंग सुरू करतोय, काय घेऊ?’’ असं विचारलं की मी म्हणतो, काही घेऊ नकोस. रेंजवर क्लबची रायफल असते, तीवर दोन-तीन महिने काढ. आपल्याला रायफल जमते की पिस्तूल, हे तरी कळू दे. घ्यायचंच तर आधी बूट घे. जॅकेट अंगाच्या मापाचं लागतं आणि या वयात अंग बदलत असतं.

हे मी मैत्रिणीकडून शिकलो. फर्स्ट इयरला एका दुकानदाराने तिला दुसऱ्याच आठवड्यात अख्खं किट गळ्यात मारलं. रेंजवर कोचने एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘‘हे काढून ठेव. आधी नुसती उभी राहा.’’ मग दोन महिने ती रोज अर्धा तास ड्राय करायची. ड्राय म्हणजे छरा न भरता सगळं करायचं : श्वास, शिस्त, ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावरही दोन सेकंद तसंच धरून राहायचं. मॅच रायफलला त्यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगवाल्या एअरगनवर असं करू नका, खराब होते. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, ते पडलं की तो शॉट वाया. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं फरशीवर, खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन वर आल्या. तिसऱ्या आठवड्यात सलग वीस वेळा टिकलं, तेव्हा तिने मला रात्री अकराला फोन केला.

यंदा ती युनिव्हर्सिटीच्या टीमसाठी ट्रायल देतेय, क्लबच्या रायफलवर आणि उसन्या जॅकेटमध्ये. स्वतःचं आता खांद्यात बसत नाही. ते इतकं ताठ आहे की हँगर न लावता कपाटात आपलं आपण उभं राहतं. विकायला काढलंय, पण मापाचं माणूस मिळत नाहीये.