भिंतीचा रंग आणि उतारवयातील दृष्टी

सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील अतिवृष्टीचा तालुका. येथून करूळ आणि भुईबावडा हे घाट कोकणात उतरतात आणि पावसाळ्यात त्याच दऱ्यांतून धुके वर चढते. दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. अशा गावी वृद्धांच्या खोलीला रंग द्यायचा म्हटले, की शेडकार्डावरील दोन जवळच्या छटांपाशी निर्णय अडतो : किंचित पिवळसर झाकेचा मलई रंग घ्यावा, की किंचित राखाडी झाकेचा पांढरा?

हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. वयोमानानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान होते. साठीच्या सुमारास डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. पिवळसर भिंग निळा प्रकाश अधिक अडवते. त्यामुळे मलई आणि पांढऱ्यातील जो फरक सुनेला सहज दिसतो, तो आजींना कदाचित जाणवणारही नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र रंग पुन्हा उजळ व निळसर दिसू लागतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रंगाची निवड त्यानंतरच करावी.

धुक्याचा प्रकाश मुळातच करडा असतो. त्यात राखाडी झाक अधिक मलूल भासते, तर मलई रंग खोलीला ऊब देतो. तरीही शेडकार्डावर विसंबू नये. दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात द्यावेत. ते खिडकीसमोरील व अंधाऱ्या अशा दोन्ही भिंतींवर टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहावेत. पाहणी खोलीत राहणाऱ्यांनीच पलंगावर बसून करावी.

मात्र छटेहून महत्त्वाचा असतो तो उठाव. भिंत, दार, फरशी आणि स्नानगृहातील आधाराचा दांडा एकाच फिकट रंगाचे असतील, तर अंधूक दृष्टीला कड सापडत नाही आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. भिंत कोणतीही फिकट छटा घेवो. दाराची चौकट, दिव्याच्या बटणांची पाटी आणि दांडा ठळक गडद असावेत. चकाकणाऱ्या रंगावरून परावर्तित झालेला प्रकाश मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्रास देतो, म्हणून भिंतीला चकाकी नसलेला रंग द्यावा.

ओल असलेल्या भिंतीवर कोणतीही छटा टिकत नाही. रंगाखाली वाढणारी बुरशी दम्याच्या रुग्णांना घातक ठरते. आधी गळती थांबवावी, गिलावा पूर्ण वाळू द्यावा आणि काम उन्हाळ्यातच उरकावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. जुन्या रंगात शिसे अधिक असू शकते; तो कोरडा न घासता ओला करून काढावा. नव्या रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत वृद्धांची व्यवस्था दुसऱ्या खोलीत करावी.

एवढी काळजी घेतल्यावर दोन्ही छटा सारख्याच वाटत असतील, तर जिला त्या खोलीत राहायचे आहे, तिच्या पसंतीचा रंग द्यावा.